सतरा तारखेची वीस मिनिटं

मिनिटसाहेबांचं आकाशाशी काही वाकडं नव्हतं. आकाश वर होतं, वेळेवर उगवत होतं, वेळेवर मावळत होतं, तक्रारीला जागाच नव्हती. त्यांचं डोकं फिरायचं ते खालच्या दुर्बिणीवर. एवढी दोन मजली धूड दुर्बीण, आणि ती रात्रीतून कितीतरी वेळ नुसती उभी असते, हे त्यांना नोकरीच्या तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत.

मिनिटसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वेधशाळेचे वेळवाटप अधिकारी. त्याआधी अठरा वर्षं बस डेपोत, वेळापत्रक विभागात. आपल्या कारकिर्दीत एकही गाडी विनाकारण झाडाखाली उभी राहिली नाही, असं ते सांगत. ड्रायव्हर मंडळींचं म्हणणं वेगळं होतं, पण त्यांना इथे कोण विचारतो! वेधशाळेत आल्या आल्या ते शिपायाला म्हणाले, "घड्याळ दोन मिनिटं मागे आहे," आणि दुपारपर्यंत हे नाव संचालकांच्या खोलीपर्यंत पोचलं होतं.

काम ऐकायला सोपं होतं. दुर्बीण एक, मागणारे सत्तावन्न. कुणाला ताऱ्यांचं वय हवं, कुणाला दीर्घिका मोजायच्या, कुणाला काय हवं ते त्यांनाही बघितल्यावरच कळणार. प्रत्येक जण पाच रात्री मागायचा, कारण मागितल्याशिवाय तीन मिळत नाहीत. तीन मिळाल्या की दोनच मिळाल्या म्हणून सांगत फिरायचा. पूर्वीचे हेडक्लार्क ही वाटणी पेन्सिल, रबर आणि अर्जदाराचा चेहरा या तीन साधनांवर करत. ते निवृत्त झाले आणि जाताना पेन्सिलसुद्धा घेऊन गेले.

मिनिटसाहेबांनी आधी पाहणी केली. स्वेटर, कानटोपी आणि स्टॉपवॉच असा जामानिमा करून ते तीन रात्री घुमटात एका स्टुलावर बसले. दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते, सहा मिनिटं. दुर्बीण चालवणाऱ्याचा चहा, चौदा मिनिटं. शास्त्रज्ञ नुसते विचार करत बसतात, बावीस मिनिटं. असं करत करत एका रात्रीत एक तास त्रेचाळीस मिनिटं वाया.

"ड्रायव्हर," ते दुर्बीण चालवणाऱ्याला म्हणाले, "एवढ्या वेळात माझी गाडी जाऊन परत आली असती."

"मी चालक आहे," तो म्हणाला. वीस वर्षं तो त्या यंत्रावर होता आणि त्याला ड्रायव्हर म्हटलेलं आवडत नसे. "आणि ही कुठे जात नाही साहेब, इथेच असते."

"तेच म्हणतोय मी," मिनिटसाहेब म्हणाले आणि त्यांनी वहीत आणखी एक मिनिट वाया लिहिलं.

या सत्तावन्नांत एकच व्यक्ती अशी होती की जिच्याबद्दल मिनिटसाहेबांना मनापासून आदर होता. त्या म्हणजे लघुग्रहवाल्या बाई. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या, बारीक अंगाच्या, थर्मास घेऊन हिंडणाऱ्या. त्यांचा अर्ज वाचून मिनिटसाहेब खुर्चीत ताठ बसले होते. बाईंनी रात्र मागितलीच नव्हती. मागितली होती फक्त वीस मिनिटं.

"एवढीच?" त्यांनी बाईंना बोलावून विचारलं.

"एवढीच पुरतात," बाई म्हणाल्या. "एक लहानसा ग्रह आहे. तो एका ताऱ्याच्या बरोबर पुढून जाणार. तारा अडतीस सेकंद दिसणार नाही, मग परत दिसेल. ताऱ्याचा उजेड कसा जातो, कसा येतो, त्यावरून कळेल की त्या ग्रहाला कडं आहे की नाही. मी म्हणते आहे. बाकी कुणी म्हणत नाही."

"किती वर्षं म्हणताय?"

"एकोणीस. आता हा योग आलाय, रात्री एक वाजून बारा मिनिटांनी. परत आपल्या हयातीत नाही."

मिनिटसाहेबांना गहिवरून आलं. सगळ्या संस्थेत मिनिटांत बोलणारं एक माणूस भेटलं होतं. "बाई," ते उठून उभे राहिले, "तुमची वीस मिनिटं माझ्या शब्दावर. इकडची दुनिया तिकडे झाली तरी हलणार नाहीत." आणि ते स्वतः लाल शाई आणायला स्टेशनरी विभागात गेले. तिथे लाल शाईसाठी वेगळा अर्ज लागतो असं कळलं, तोही त्यांनी भरला.

मग आलं परिपत्रक. अकरा कलमं होती. रात्रीचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, विचार करायचा तो घुमटात येण्यापूर्वी करावा, चहा आळीपाळीने, प्रत्येक तुकड्याची निष्पत्ती आकड्यात लिहावी, असं सगळं. यात कलम चार हे त्यांचं लाडकं. त्याचं असं झालं होतं, की वेधशाळेत पिढ्यान् पिढ्या एक रीत होती: रात्र ज्या संध्याकाळी सुरू होते, तिची तारीख पहाटेपर्यंत चालायची. म्हणजे सोळाच्या संध्याकाळी सुरू झालेली रात्र पहाटे चार वाजता सुद्धा सोळाचीच. बँकेत, बसमध्ये, जन्माच्या दाखल्यात बाराच्या ठोक्याला तारीख बदलते आणि इथे बदलत नाही, हे मिनिटसाहेबांना सभ्यपणाचं वाटेना. कलम चारने हुकूम काढला की यापुढे मध्यरात्री तारीख बदलेल.

"रीत आहे हो ती," चालक म्हणाला. "रात्र मधेच तोडायची कशाला?"

"डेपोत आम्ही रात्रवस्तीची गाडीसुद्धा तोडत होतो," मिनिटसाहेब म्हणाले.

संचालकांनी जेवणाच्या सुट्टीत सही केली. संचालक स्वभावाने इतके सज्जन होते की समोर आलेल्या कागदाचं मन त्यांना मोडवत नसे. शिपायाने परिपत्रक सत्तावन्न जणांकडे फिरवलं. छप्पन जणांनी न वाचता सही ठोकली. बाईंनी मात्र ते खुर्चीत बसून, पेन्सिल हातात घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नवव्या कलमातला एक स्वल्पविराम सुधारला. आणि दुसऱ्या दिवशी येऊन आपला अर्ज बदलून दिला. आधी लिहिलं होतं, 'सोळाची रात्र'. आता लिहिलं, 'सतरा तारीख, मध्यरात्रीनंतर १ वाजून १२ मिनिटे'. मिनिटसाहेबांनी तक्त्यात सतराच्या रकान्यात लाल शाईने बाईंची वीस मिनिटं कोरली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, की संस्थेत एक तरी माणूस वाचणारं आहे.

पुढच्याच आठवड्यात काय व्हायचं ते झालं. दीर्घिकावाले आपल्या नेहमीच्या सवयीने संध्याकाळी आले. बाराच्या ठोक्याला तारीख बदलली आणि त्यांचा हक्क संपला. ज्यांचा हक्क सुरू झाला ते घरी गाढ झोपले होते, कारण ते त्यांच्या सवयीने दुसऱ्या संध्याकाळी येणार होते. घुमट उघडा, आकाश निरभ्र, चालक स्टुलावर, आणि दुर्बीण पहाटेपर्यंत रिकामी. असं सलग चार रात्री. एक तास त्रेचाळीस मिनिटं वाचवायला निघालेल्या माणसाने रात्रीचे पाच-पाच तास घालवले होते.

संचालकांनी बोलावलं. ते रागावले नाहीत, हेच मिनिटसाहेबांना जास्त लागलं.

"ते तारखेचं जरा जुनंच राहू द्या," संचालक म्हणाले. "लोकांना सवय आहे."

आता इथे मिनिटसाहेबांनी एक गोष्ट करायला हवी होती. परिपत्रक रद्द केल्याचं दुसरं परिपत्रक. शिपाई तयार होता, वही तयार होती. पण 'कलम चार रद्द' हे तीन शब्द त्यांच्या हातून कागदावर उतरेनात. दोनदा लिहिले, दोनदा फाडले. मग त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो इतका तर्कशुद्ध होता की त्यांना हायसं वाटलं: पहिलं परिपत्रक कुणी वाचलेलंच नाही, तर ते रद्द झाल्याचं कळवायचं कुणाला? कुणी अर्ज बदललेले नाहीत, म्हणजे तक्ता जुन्या रीतीने वाचला की काम झालं. तसा त्यांनी तो वाचायला सुरुवात केली. सगळं बरोबर जुळलं.

फक्त बाईंनी वाचलं होतं. फक्त बाईंनी अर्ज बदलला होता. लाल शाईतली ती सतरा तारीख आता जुन्या रीतीने सतराच्या संध्याकाळी सुरू होणारी रात्र झाली, म्हणजे तारा लपून गेल्यानंतर पुरते चोवीस तास. आणि हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

इकडे सोळाच्या रात्रीचं वेगळंच झालं. ती ज्यांची होती त्यांचं यंत्र दुरुस्तीला गेलं आणि त्यांनी रात्र परत केली. अख्खी रात्र! मिनिटसाहेबांना घास गोड लागेना. त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहत. ते जिन्यात भेटले. ओव्हरसियरांनी तेहतीस वर्षं रस्ते केले होते आणि आता ते सल्ले देत.

"रिकामी कशाला ठेवता?" ओव्हरसियर म्हणाले. "तुम्ही बसमध्ये उभे प्रवासी घेत नव्हतात का? इमारतीतल्या लोकांना दाखवा शनी. एका माणसाला एक मिनिट. बेचाळीस माणसं, बेचाळीस मिनिटं. हिशोब सरळ आहे."

हिशोब सरळ होता यात शंका नाही. शिवाय मिनिटसाहेब इमारतीत पंधरा वर्षं राहत होते आणि त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. फक्त पाण्याच्या टाकीबद्दल. घरी येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

"तळमजल्यावरच्या वहिनी विचारत होत्या, लेकीला घेऊन येऊ का," बायको म्हणाली. "मी हो म्हटलं. तुम्हाला विचारायचं राहिलं."

"कार्यालयीन बाब आहे ती," मिनिटसाहेब म्हणाले.

"म्हणूनच म्हटलं, मी सांगून टाकते. तुम्ही तीन प्रतींत सांगितलं असतंत."

संचालकांनी याही कागदावर सही केली. दुपारी चालकाने दुर्बिणीवरचा कॅमेरा उतरवून डोळा लावायचं भिंग बसवलं. "कॅमेरा परत चढवायला तीन तास लागतात," तो म्हणाला. "आज परत लागणार नाही ना?"

"आज काहीही नाही," मिनिटसाहेब म्हणाले. "बाईंचं उद्या आहे."

रात्री दहाला दर्शन सुरू झालं. मिनिटसाहेब शिडीशी स्टॉपवॉच घेऊन उभे. पहिल्याच माणसाला पाच मिनिटं लागली. लोक शिडी चढताना थांबतात, चष्मा काढावा की ठेवावा यावर विचार करतात, आणि जो डोळा मिटायचा तो उघडा ठेवून जो उघडा ठेवायचा तो मिटतात, हे हिशोबात धरलेलं नव्हतं. तळमजल्यावरच्या वहिनींना काहीच दिसेना. त्या भिंगाच्या जागी एका स्क्रूला डोळा लावून बसल्या होत्या आणि तरीही "छान आहे हो" म्हणाल्या. बारा वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा निम्मी इमारत अजून जिन्यावर उभी होती, आणि रांगेच्या टोकाला, थर्मास घेतलेल्या, लघुग्रहवाल्या बाई.

"आज एवढी माणसं?" बाई म्हणाल्या.

"या, या," मिनिटसाहेब म्हणाले. "पण बाई, तुमची रात्र उद्या. आज कशाला थंडीत आलात?"

बाईंनी घड्याळ बघितलं. "वीस मिनिटांनी सतरा तारीख लागते ना? तुमच्याच परिपत्रकात आहे. कलम चार."

मिनिटसाहेबांनी शिडीचा कठडा धरला. वरून ओव्हरसियरांचा आवाज आला, "शनी हलतोय हो!" पण हलत होते ते मिनिटसाहेब.

त्यांनी चालकाकडे पाहिलं. चालकाने घड्याळाकडे पाहिलं. "तीन तास," तो म्हणाला. "दीडच राहिलाय."

"कॅमेरा नाही?" बाईंनी विचारलं. चालकाने भिंगाकडे बोट दाखवलं. त्या जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या. थर्मास मांडीवर घेतला आणि त्याचं झाकण उगाच फिरवत राहिल्या. एकोणीस वर्षांची वाट होती ती. मिनिटसाहेबांना वाटलं, यांनी चार शिव्या द्याव्यात, वरिष्ठांकडे तक्रार करावी, थर्मास डोक्यात घालावा. त्यातलं काहीच झालं नाही आणि त्यांना पहिल्यांदाच खूप लाज वाटली.

"डोळ्याने दिसेल का तो तारा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दिसेल," बाई म्हणाल्या. "दिसेल, पण त्याची नोंद कशी राहणार?"

"तुम्ही 'गेला' म्हणा, 'आला' म्हणा. सेकंद मी धरतो. सेकंद मला येतात."

आता प्रश्न जिन्यावरच्या वीस-बावीस माणसांचा. ओव्हरसियर खाली उतरून आले होते आणि त्यांना परत एकदा बघायचं होतं. त्यांनी जाहीर केलं की रांग ती रांग, तिथे शास्त्रज्ञ असो की आणखी कुणी, नियम तुम्हीच केलाय. खालून कुणीतरी म्हणालं, पोरं जागवून आणलीत आम्ही. मिनिटसाहेब स्टुलावर चढले. अठरा वर्षं डेपोत आणि आठ महिने इथे जे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, ते त्यांनी कानटोपी काढून हातात घेत म्हटलं.

"चूक माझी आहे. ही रात्र या बाईंची होती. मी चुकीच्या तारखेला लावली आणि सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली."

रांगेत मागे बायको उभी होती. तिथून तिचा आवाज आला, "काय म्हणालात? मागच्यांना ऐकू आलं नाही."

"चूक माझी आहे!" मिनिटसाहेब ओरडले.

"हां," बायको म्हणाली आणि रांगेकडे वळली. "चला, बसा सगळे पायऱ्यांवर. दीड तास कुणी बोलायचं नाही, टॉर्च लावायचा नाही, खोकला आला तर पदरात. भाऊजी, तुम्ही पण." ओव्हरसियर बसले. बायकोने पाण्याच्या टाकीचं प्रकरण मिटवलं होतं, तेव्हापासून ते तिच्या शब्दाबाहेर नव्हते.

चालकाने दुर्बीण वळवली. सहा मिनिटं लागली. मिनिटसाहेबांनी ती मोजली नाहीत. बाई शिडी चढल्या, भिंगाला डोळा लावला आणि एकदम थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही," बाई वरून म्हणाल्या. "मी याला कधी असं बघितलंच नव्हतं. पडद्यावरच बघते नेहमी. पिवळसर आहे हो."

एक वाजून दहा. अकरा. अख्खी इमारत पायऱ्यांवर श्वास धरून बसली होती. मिनिटसाहेबांचा अंगठा बटणावर.

"एकदा लुकलुकला," बाई कुजबुजल्या. आणि मग, "गेला!"

त्यांनी बटण दाबलं. वीस सेकंद. तीस. अडतीस. चाळीस. पन्नास. वरून शब्द नाही. एक मिनिट झालं. दोन मिनिटं. तारा परत येत नाही म्हणजे काय? ग्रह तिथेच थांबला की काय? चालकाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी चालकाकडे. शेवटी चार मिनिटं अकरा सेकंदांनी त्यांना राहवलं नाही.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आला का हो?"

"कधीच," बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळा भिंगाला तसाच लावलेला होता आणि गाल ओले होते. मिनिटसाहेबांनी घड्याळ थांबवून खिशात टाकलं.

"आणि कडं?" त्यांनी विचारलं.

"आहे. जायच्या आधी लुकलुकला, आल्यावर परत लुकलुकला. दोन्हीकडे."

"नक्की?"

"अगदी."

"पण नोंद नाही. आता हे कुणाला पटेल?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या, आणि त्या हसत होत्या. मग त्या शिडीवरून बाजूला झाल्या. "या, बघा. तुम्ही तरी बघा." मिनिटसाहेब शिडी चढले. आठ महिन्यांत त्यांनी दुर्बिणीला कधी डोळा लावला नव्हता. वेळच झाला नव्हता. त्यांना एक पिवळसर ठिपका दिसला. तो बघण्यात त्यांनी किती वेळ घालवला हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही, पण ओव्हरसियरांनी खालून दोनदा घसा खाकरला.

सकाळी नोंदवही समोर आली. निष्पत्ती, आकड्यात. हा रकाना त्यांनीच छापून घेतला होता. घड्याळ म्हणत होतं चार मिनिटं अकरा सेकंद. मिनिटसाहेबांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, 'सुमारे अडतीस'. सुमारे हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला असावा. तो त्यांच्या अक्षरात ओळखू येईना. मग त्यांनी दुसरा कागद घेतला, 'कलम चार रद्द, तसे कळवायचे राहिले, चूक माझी' असं लिहून शिपायाकडे दिलं. छप्पन जणांनी न वाचता सह्या केल्या.

सत्तावन्नाव्या स्वतः आल्या. परिपत्रक वाचून, सही करून, आणि हातात नवा अर्ज घेऊन.

"तोच ग्रह, तोच तारा," बाई म्हणाल्या. "पहाटे परत गणित मांडलं. अजून एकसष्ट वर्षांनी."

मिनिटसाहेबांनी अर्ज वाचला. "तेव्हा मी नसेन."

"मीही नसेन. पण दुर्बीण असेल, आणि कुणीतरी बसलेलं असेल तिथे. मी म्हणत होते ते खरं की खोटं, त्यांना कळेल. जागा राखून ठेवायला काय हरकत आहे?"

"कॅमेरा लावून?"

"कॅमेरा लावून."

त्यांनी चष्मा पुसला. "ही जी तारीख लिहिलीत ती रात्र कुठली? संध्याकाळी सुरू होते ती, की मध्यरात्रीनंतरची?"

"संध्याकाळी सुरू होते ती. जुन्या रीतीने."

मिनिटसाहेबांनी तसं अर्जावर लिहून घेतलं, खाली रेघ मारली, बाईंची सही घेतली, स्वतःची केली. एकसष्ट वर्षांनंतरचा तक्ता छापलेला नव्हता, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तो हाताने आखला. मग कपाटातून लाल शाई काढली. बाईंनी वीस मिनिटं मागितली होती. मिनिटसाहेबांनी चाळीस दिली.